विश्लेषण : मोबाइलवर तरबेज असलेली पिढी लॅपटॉपसमोर का अडखळते? टचपॅड, शॉर्टकट आणि नव्या बटणाचे नेमके प्रकरण काय?

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. जुना लॅपटॉप तसाच चालवायचा की नवा घ्यायचा, हा प्रश्न त्यामुळे अनेक घरांत आणि कार्यालयांत उभा राहिला. नवा घेणाऱ्यांना कीबोर्डवर उजव्या बाजूला एक अनोळखी बटण दिसते, टचपॅड आकाराने मोठा झालेला असतो आणि वरच्या रांगेतील ‘एफ’ बटणांवर वेगवेगळी चित्रे असतात. यातले नेमके काय कशासाठी, हे मात्र कुणी शिकवत नाही. मालाडसारख्या उपनगरात, जिथे पहिली नोकरी अनेकदा लॅपटॉपसमोर बसूनच सुरू होते, हे अज्ञान वेळ, पगार आणि कधी कधी बँक खात्यातील रक्कम या तिन्हींवर परिणाम करते.

मालाडचा संदर्भ का?

मालाड पश्चिमेला लिंक रोडलगतच्या माइंडस्पेस परिसरात २००० नंतरच्या दशकात कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांची कार्यालये मोठ्या संख्येने आली. मालवणी, कुरार, ऑर्लेमपासून कांदिवली-गोरेगावपर्यंतच्या तरुणांना घराजवळची नोकरी देणारे हे ठिकाण ठरले. या उद्योगात कामाचे एक महत्त्वाचे मोजमाप म्हणजे ‘अ‍ॅव्हरेज हँडलिंग टाइम’, म्हणजे एक कॉल हाताळायला लागणारा सरासरी वेळ. ग्राहक फोनवर असताना त्याचे खाते उघडणे, क्रमांक एका खिडकीतून उचलून दुसरीत टाकणे, नोंद करणे, ती जतन करणे ही कामे बोलता बोलता करावी लागतात. बोलणे चांगले असूनही हात मागे पडला, तर मोजमापात माणूस मागे पडतो. नोकरीच्या जाहिरातीत मात्र ‘संगणकाचे मूलभूत ज्ञान आवश्यक’ एवढेच लिहिलेले असते. त्यात नेमके काय येते, याचा उलगडा कामावर रुजू झाल्यावरच होतो.

मोबाइल येतो, मग लॅपटॉप का येत नाही?

कारण दोन्हींवर हात वेगळ्या तऱ्हेने काम करतो. मोबाइलवर जे दिसते त्यालाच बोट लावायचे असते. लॅपटॉपवर बोट एका जागी फिरते आणि बाण दुसऱ्या जागी हलतो. मोबाइलवर बहुतेक कामे आपोआप जतन होतात, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये गेली याचा विचार करावा लागत नाही. लॅपटॉपवर तो करावाच लागतो. शिवाय मोबाइलच्या पडद्यावरील कीबोर्डवर अंगठ्यांनी कितीही वेगात टाइप करता आले, तरी त्या कीबोर्डवर कंट्रोल आणि ऑल्ट ही बटणेच नसतात. त्यामुळे शॉर्टकट ही कल्पनाच हाताला अपरिचित राहते.

आकडेवारीही याला दुजोरा देते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील केवळ १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात २३.४ टक्के, तर ग्रामीण भागात ४.४ टक्के. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटावर आधारित ‘असर २०२३’ अहवालात सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, संगणक किंवा लॅपटॉप मात्र फक्त ९ टक्के घरांत. ज्यांच्या घरी संगणक होता, त्यांच्यापैकी ८५ टक्के मुलांना तो वापरता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवर आले. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या व्यापक वार्षिक मॉड्युलर सर्वेक्षणात १५ ते २४ वयोगटातील ७८.४ टक्के तरुणांना फाइल जोडून संदेश पाठवता येत होता आणि ७१.२ टक्क्यांना कॉपी-पेस्ट करता येत होते. मात्र माहिती शोधणे, ईमेल आणि ऑनलाइन बँकिंग ही तिन्ही कामे करू शकणारे २६.८ टक्केच निघाले. थोडक्यात, बोट लावून होणारी कामे सर्वदूर पोहोचली, त्यापुढची नाहीत.

टचपॅड नेमका कसा चालतो?

टचपॅडच्या पृष्ठभागाखाली विद्युतवाहक तारांची आडवी-उभी बारीक जाळी असते. बोट टेकले की त्या ठिकाणची विद्युतधारिता बदलते आणि बोट कुठे आहे, कुठे सरकते आहे हे संगणकाला कळते. मोबाइलचा पडदाही याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच पेनाचे टोपण किंवा नख टेकवून काही होत नाही. पावसाळ्यात ओल्या हाताने किंवा घामट बोटांनी बाण उड्या मारू लागतो, त्यामागचे कारणही हेच. टचपॅड बिघडलेला नसतो, पाण्याचा थर त्याला बोटासारखाच वाटतो. अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानात धाव घेण्याआधी हात आणि पॅड कोरडे पुसून पाहावेत.

टचपॅड असलेला लॅपटॉप मोठ्या प्रमाणात लोकांसमोर आला तो १९९४ मध्ये, अ‍ॅपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेतून. त्याआधी लॅपटॉपवर फिरता गोळा किंवा आयबीएमच्या थिंकपॅडवर १९९२ मध्ये आलेली कीबोर्डमधली लाल गुंडी असे पर्याय होते. पुढे एकाऐवजी अनेक बोटे ओळखता येऊ लागली आणि टचपॅडचे स्वरूप बदलले. विंडोजच्या सध्याच्या लॅपटॉपवर दोन बोटे एकदम टेकवली की राइट क्लिक होते, दोन बोटे सरकवली की पान वर-खाली होते. तीन बोटे वर सरकवली की उघडलेल्या सगळ्या खिडक्या एकत्र दिसतात, खाली सरकवली की डेस्कटॉप समोर येतो आणि आडवी सरकवली की एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जाता येते.

अनेकांना गोंधळात टाकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पान सरकण्याची दिशा. पूर्वी बोट खाली नेले की कडेची पट्टी खाली जायची, म्हणजे मजकूर वर सरकायचा. मोबाइलवर मात्र बोट जिकडे, मजकूर तिकडे. अ‍ॅपलने २०११ मध्ये आपल्या संगणकांवरही मोबाइलची दिशा आणली. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील टचपॅडच्या विभागात ही दिशा हवी तशी निवडता येते. मोबाइलवर सरावलेल्याने ती एकदाच मोबाइलसारखी करून घेतली, तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

क्लिकबाबतही असेच. अनेक लॅपटॉपमध्ये टचपॅड वरच्या कडेला बिजागरीसारखा जोडलेला असतो, त्यामुळे तो खालच्या भागातच दाबला जातो. वरच्या भागावर जोर देऊन उपयोग नसतो. दाबण्याऐवजी हलकी टिचकी मारली तरी काम होते आणि बोटही दुखत नाही.

शॉर्टकट आले कुठून?

कॉपी-पेस्ट ही कल्पना रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने लॅरी टेस्लर यांना दिले जाते. १९७० च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पार्क या संशोधन केंद्रात त्यांनी टिम मॉट यांच्यासह ‘जिप्सी’ ही मजकूर संपादनाची प्रणाली तयार केली. टेस्लर पुढे अ‍ॅपलमध्ये गेले. झेड, एक्स, सी, व्ही ही कीबोर्डच्या खालच्या रांगेतील लागोपाठची चार बटणे अनुक्रमे रद्द करणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांसाठी अ‍ॅपलच्या १९८० च्या दशकातील संगणकांवर ठरली. सी हे ‘कॉपी’चे अक्षर, बाकीची सोयीसाठी शेजारची. उजवा हात माउसवर असताना डाव्या हाताला ती सहज पोहोचतात, ही त्यातली मेख. विंडोजनेही पुढे तीच स्वीकारली. टेस्लर यांचे फेब्रुवारी २०२० मध्ये निधन झाले.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हे त्रिकूट आयबीएमचे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांचे. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी त्यांनी मुद्दाम लांब लांबची बटणे निवडली. संगणक पुन्हा सुरू करणारी ही आज्ञा चुकून दिली जाऊ नये, हा हेतू होता. विंडोजचे चिन्ह असलेले बटण आले ते १९९४ मध्ये.

शॉर्टकटमुळे खरेच वेळ वाचतो का?

स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अ‍ॅलन न्यूवेल या संशोधकांनी १९८० मध्ये संगणकावरील हालचालींचा हिशेब मांडणारे एक प्रारूप प्रसिद्ध केले. त्यानुसार सरावलेल्या हाताने एक बटण दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, बाण एखाद्या जागी नेण्यास सुमारे १.१ सेकंद आणि हात कीबोर्डवरून माउसवर नेण्यास सुमारे ०.४ सेकंद. निवडलेला मजकूर माउसने कॉपी करायचा तर हात नेणे, बाण नेणे, राइट क्लिक, पुन्हा बाण नेणे, क्लिक आणि हात परत आणणे, असे मिळून सुमारे साडेतीन सेकंद होतात. कंट्रोल + सी ला अर्धा सेकंद पुरतो. फरक तीन सेकंदांचा. एका कॉलमध्ये अशा १० कृती आणि दिवसाला ६० कॉल धरले, तर दिवसाकाठी अर्धा तास वाचतो.

मात्र याला दुसरी बाजूही आहे. अ‍ॅपलमध्ये काम केलेले ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये नेमके उलट मत मांडले होते. शॉर्टकट आठवण्यात जाणारा वेळ वापरणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, म्हणून कीबोर्ड वेगवान वाटतो. घड्याळ लावले तर माउस जिंकतो, असे त्यांचे म्हणणे. वर उल्लेख केलेल्या प्रारूपातही विचार करण्यासाठी सुमारे १.३५ सेकंद धरलेले आहेत. म्हणजे आठवावा लागणारा शॉर्टकट फारसा फायद्याचा नाही, हाताला सवय झालेला आहे. शंभर शॉर्टकटांची यादी पाठ करण्यापेक्षा रोज लागणारे आठ-दहा अंगवळणी पाडणे केव्हाही बरे.

ही सवय आपोआप मात्र लागत नाही. वर्डच्या २५१ अनुभवी वापरकर्त्यांच्या सवयी तपासणारा एक अभ्यास २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे काम करूनही बहुतेक जण मेनू आणि चित्रांवरच अवलंबून असल्याचे त्यात दिसले. अनुभव वाढला म्हणून पद्धत सुधारतेच असे नाही, कुणी तरी दाखवावे लागते.

कोणते शॉर्टकट आधी शिकावेत?

विंडोज लॅपटॉपवर रोजच्या कामासाठी पुढील पुरेसे ठरतात.

• कंट्रोल + सी, एक्स, व्ही : नक्कल करणे, कापणे, चिकटवणे
• कंट्रोल + झेड : शेवटची कृती रद्द करणे
• कंट्रोल + एस : जतन करणे
• कंट्रोल + एफ : पानावर शब्द शोधणे
• ऑल्ट + टॅब : एका खिडकीतून दुसरीत जाणे
• विंडोज + व्ही : याआधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी (पहिल्यांदा ही सोय सुरू करावी लागते)
• विंडोज + शिफ्ट + एस : पडद्याच्या हव्या तेवढ्या भागाचा फोटो
• विंडोज + एल : जागेवरून उठताना पडदा बंद करणे
• विंडोज + स्पेस : मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलणे
• कंट्रोल + शिफ्ट + टी : चुकून बंद झालेला ब्राउझरचा टॅब परत उघडणे

वरच्या रांगेतील एफ १ ते एफ १२ बटणांना दोन कामे असतात. प्रकाश, आवाज, माइक, विमान मोड, टचपॅड बंद-चालू अशी चित्रे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने छापते. चित्राचे काम हवे की मूळ ‘एफ’चे, हे एफएन बटण ठरवते. ‘टचपॅड अचानक मेला’ किंवा ‘वायफाय दिसेना’ अशा तक्रारींमागे अनेकदा यातलेच एखादे बटण चुकून दाबले गेलेले असते. सेवा केंद्रात लॅपटॉप नेण्याआधी ही रांग नीट पाहून घेतलेली बरी.

मराठी टाइप करणाऱ्यांचे काय?

राज्यात लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र मागितले जाते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले आणि २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. परीक्षाही आता संगणकावर आली. यंत्र गेले तरी त्याची रेमिंग्टन मांडणी अनेकांच्या बोटांत आजही आहे. दुसरीकडे भारतीय मानकात १९९१ मध्ये समाविष्ट झालेली इनस्क्रिप्ट मांडणी विंडोजमध्ये ‘मराठी’ या नावाने मिळते आणि उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांनी टाइप करण्याची सोयही २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. म्हणजे एकाच कार्यालयात तीन माणसे तीन पद्धतींनी मराठी लिहीत असू शकतात.

फरक छोट्या गोष्टींत जाणवतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. उच्चारानुसार टाइप करताना हा भेद साधायला अनेकदा सुचवलेल्या शब्दांच्या यादीत शोधावे लागते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट + जे ने ‘ऱ’, डी ने हलन्त आणि मग ‘य’ दिला की काम झाले. ‘ळ’ शिफ्ट + एन वर आहे. रुपयाचे चिन्ह ‘इंग्रजी (भारत)’ मांडणीत उजवा ऑल्ट + ४ ने मिळते. मांडणी मराठी असली तरी कंट्रोल + सी आणि त्याची भावंडे त्याच जागी चालतात, त्यासाठी भाषा बदलावी लागत नाही.

नव्या कोपायलट बटणावरून नाराजी का?

मायक्रोसॉफ्टने ४ जानेवारी २०२४ रोजी विंडोज कीबोर्डवर कोपायलट या कृत्रिम बुद्धिमत्ता सहायकासाठी स्वतंत्र बटण आणत असल्याचे जाहीर केले. सुमारे ३० वर्षांनंतर झालेला हा पहिला मोठा बदल. अडचण जागेची आहे. अनेक लॅपटॉपवर हे बटण उजव्या कंट्रोलच्या किंवा मेनू बटणाच्या जागी बसवले गेले. बहुतेकांना या दोन बटणांची उणीव जाणवणार नाही, पण ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती रोजची वाट आहे.

दृष्टिहीन व्यक्तीला पडद्यावरचा बाण दिसत नाही, त्यामुळे टचपॅडचा तिला जवळपास उपयोग नसतो. एनव्हीडीएसारखे मोफत वाचक सॉफ्टवेअर पडद्यावरील मजकूर बोलून दाखवते आणि सारा प्रवास कीबोर्डवरून होतो. टॅबने पुढच्या रकान्यात, एच ने पुढच्या शीर्षकावर. म्हणजे इतरांसाठी जो वेळ वाचवणारा आडमार्ग, तोच यांच्यासाठी एकमेव रस्ता. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि ई-केवायसी प्रक्रिया अपंगांना वापरता यावी यासाठी निर्देश दिले. एखाद्या संकेतस्थळावरील ‘पुढे जा’ हे बटण केवळ माउसनेच दाबता येत असेल, तर तो सोयीचा नव्हे, हक्काचा प्रश्न ठरतो.

मेनू बटण नसलेल्यांना शिफ्ट + एफ १० हा पर्याय आहे. कोपायलट बटणाने काय उघडावे, हेही सेटिंग्जमध्ये काही मर्यादेत बदलता येते.

शॉर्टकटच फसवणुकीचे हत्यार कसे बनले?

हा या विषयातील सर्वांत गंभीर भाग. ‘क्लिकफिक्स’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार २०२४ पासून जगभर पसरला. एखादे पान उघडल्यावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ अशी परिचित चौकट येते. त्यावर क्लिक करताच एक घातक आज्ञा वापरणाऱ्याच्या नकळत क्लिपबोर्डवर कॉपी होते. मग सूचना येते : विंडोज + आर दाबा, कंट्रोल + व्ही दाबा, एंटर दाबा. विंडोज + आर ने उघडणारी चौकट संगणकाला थेट आज्ञा देते. तीन निरुपद्रवी वाटणाऱ्या दाबांत माणूस स्वतःच्या हाताने चोराला घरात घेतो. आज्ञा मालकानेच दिलेली असल्याने सुरक्षा यंत्रणांनाही ती ओळखणे कठीण जाते. पासवर्ड आणि बँकेची माहिती चोरणारी सॉफ्टवेअर अशाच मार्गाने शिरतात.

तंत्रसाहाय्याच्या नावाखाली फोन करणारे ठगही जुन्या काळापासून हीच चौकट उघडायला लावतात. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून घेऊन त्यातील नेहमीच्याच, निरुपद्रवी नोंदी विषाणू म्हणून दाखवायच्या आणि पैसे उकळायचे, ही त्यांची रीत. मोबाइलवर ओटीपी सांगू नये हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. त्याच तोडीचा लॅपटॉपवरचा नियम असा : कोणतेही खरे संकेतस्थळ ‘तुम्ही माणूस आहात’ हे तपासण्यासाठी विंडोज + आर दाबायला सांगत नाही. तसे झाल्यास पान बंद करावे. आज्ञा दिली गेलीच असेल, तर इंटरनेट तोडून दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत आणि पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तात्काळ कळवावे.

पुढे काय?

२००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यात संगणक साक्षरता गावोगावी नेली आणि शासकीय नोकरीसाठी त्या किंवा समकक्ष प्रमाणपत्राची अटही आली. मात्र त्या काळात शिकणाऱ्याने मोबाइलआधी संगणक पाहिलेला असे. आजचा शिकणारा दहा वर्षे मोबाइल हाताळून लॅपटॉपसमोर बसतो. त्याला इंटरनेट म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नाही. फाइल कुठे जाते, दहा बोटे कुठे ठेवावीत, कोणती बटणे एकत्र दाबावीत आणि कोणती कुणाच्या सांगण्यावरून कधीच दाबू नयेत, हे शिकवण्याची गरज आहे. घरी लॅपटॉप असलेल्या मुलांना ही सवय नकळत लागते. नसलेल्यांना ती शाळेच्या संगणक कक्षात, वस्तीतल्या क्लासमध्ये किंवा नोकरीच्या पहिल्या आठवड्यातील प्रशिक्षणात मिळाली नाही, तर इतर सर्व बाबतींत बरोबरीचा असलेला उमेदवार केवळ हाताच्या सवयीमुळे मागे राहतो.